एमिल ब्रॅन्डेसची दुसरी गोळी

१

एमिल ब्रॅन्डेसला मातीआड करून दोन दिवस झाले होते, आणि ज्या रायफलीनं ऐन वेळी त्याला दगा दिला ती आता बंदुका दुरुस्त करणाऱ्या हेडी झोलरच्या बाकावर आडवी पडली होती. ती आणून ठेवणारा शेरिफचा डेप्युटी क्ले ब्रॅन्डेस, म्हणजे एमिलचा पुतण्या, दाराच्या चौकटीला टेकून सूर्यफुलाच्या बिया चावत होता आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता.

"चौकशीच्या कागदात जज्जसाहेबांना तुमच्याकडून एक ओळ हवीय, मिस हेडी," तो म्हणाला. "बंदूक का अडकली तेवढं लिहा. सोमवारपर्यंत."

"आणि माझंच चुकलं असेल तर? तेही मीच लिहायचं?"

"तुम्ही खोटं लिहिणार नाही, हे सगळ्या काउंटीला ठाऊक आहे." क्लेनं पेल्यात थुंकून घेतलं. "माझ्या मते दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुमचा तो स्क्रू, नाही तर काकाच्या गड्याची, चोनची साफसफाई. बंदूक तोच साफ करायचा. काय नि कसलं तेल घालत होता, देव जाणे."

 सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात एक गोष्ट हेडी शिकली होती. समोरचा माणूस मोजून दोनच दारं दाखवतो, तेव्हा तिसरं कुठे आहे ते आपण शोधावं.

झालं होतं ते असं. गेल्या सोमवारी पहाटे ओढ्याकाठच्या सापळ्यापाशी एमिलनं एका मोठ्या रानडुकरावर गोळी झाडली. डुक्कर मेलं नाही, त्याच्यावरच उलटलं. दुसरी गोळी सुटलीच नाही. सुळा मांडीत शिरला आणि एक्काहत्तर वर्षांचा एमिल तिथंच गवतात रक्त जाऊन गेला. हे सारं लिंडेनाउ गावाला तोंडपाठ होतं. आणि हेही तोंडपाठ होतं की दोन आठवड्यांपूर्वी ती रायफल हेडीनं दुरुस्त करून दिली होती.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"ऑफिसात कॉफी ओतत होतो, तेवढ्यात चोनचा फोन आला. तसाच निघालो." क्लेनं पेल्यात पाहिलं. "आईबाप गेल्यावर त्यानंच वाढवलं मला. तुम्हाला काय सांगायचं."

तो खरंच रडवेला झाला होता. हेडीनं त्याला लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून पीचचा केक खाताना पाहिलं होतं. तिला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला.

तो गेल्यावर तिनं उजवा हात बाकावर पालथा ठेवला आणि पाहत राहिली. गेल्या हिवाळ्यापासून त्या हाताला कंप होता. गावात कुणालाच माहीत नव्हतं. तो स्क्रू तिनं ह्याच हातानं आवळला होता.

२

एमिल दोन आठवड्यांपूर्वी आला होता तो शिव्या देतच. "हेडी, ही बया माझ्या डोळ्यांत धूर मारते. पुंगळ्यांच्या कडा फाडते. आणि तिसऱ्या गोळीला अडकून बसते."

दुखणं जुनं आणि ओळखीचं होतं. अशा रायफलीत गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस मागे वळतो आणि बोल्टला ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी फेकतो, पुढे येताना नवं काडतूस घेऊन येतो. एमिलनं नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारा डबा बसवला होता. डबा आवाजाबरोबर गॅसही कोंडतो, मग धक्का नको तेवढा जोरात बसतो. पुंगळी बाहेर यायच्या आधीच बोल्ट तिला ओरबाडू लागतो. हेडीनं गॅसच्या वाटेवर फिरवता येणारा स्क्रू बसवला, तो दोन टिचक्या, म्हणजे दोन खाचा, आवळला आणि जागेची खूण म्हणून सुईनं बारीक ओरखडा काढला. त्यानंतर रायफल लोण्यासारखी चालली होती.

आता तिनं चष्म्यावर भिंग चढवलं.

क्लेच्या कागदावर लिहिलं होतं की रायफल सापडली तेव्हा मॅगझिनमध्ये नऊ काडतुसं होती आणि नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ते चेंबर रिकामं होतं.  म्हणजे अडकाअडकी झालीच नव्हती. बोल्ट मागे गेला, पण पुरेसा गेला नाही. पुंगळी कशीबशी बाहेर पडली आणि नवं काडतूस उचलायच्या आधीच बोल्ट परत आला. एमिलनं दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसतं टिक झालं असणार. गॅस कमी पडला होता. आणि गॅस कमी कुणी केला होता? तिनंच.

तिनं स्क्रू पाहिला. ओरखड्यावर ओरखडा, केसाचाही फरक नव्हता.

दुकानामागं मातीचा बांध होता. तिनं एमिलच्याच खोक्यातली काडतुसं भरली आणि दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा सुटल्या. पुंगळ्या उजवीकडे तीन पावलांवरच्या तेलाच्या पिंपाशी जाऊन पडत होत्या, एकीवर एक. मग तिला वाटलं, पहाटेची थंडी. तिनं रायफल हरणाच्या सॉसेजांशेजारी फ्रीझरमध्ये ठेवली आणि रविवारी चर्चला जायच्या आधी पुन्हा दहा झाडल्या. सगळ्या सुटल्या. तिनं बोल्ट उघडून तेल पाहिलं. हवं तिथं आणि हवं तेवढंच होतं. चोननं तिच्याहून चांगली साफसफाई केली होती.

कुणाला वाटेल, बाई सुटली. पण दोष सापडला तर माणूस दोषाला शिव्या देतो. तो सापडलाच नाही तर शिव्या द्यायला आपणच उरतो. सोमवारी पहाटे काहीतरी झालं होतं, आणि ते तिच्या हाताचं नाही असं छातीवर हात ठेवून म्हणायची सोय नव्हती.

रायफल पुसताना तिला डब्याच्या गळ्याशी हिरव्या मेणदोऱ्याचं टोक दिसलं, सुरीनं कापलेलं. तो तिचाच दोरा होता. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीला ती कार्ड बांधायची. काय दुरुस्त केलं आणि काय जपायचं ते त्यावर लिहिलेलं असे. ही तिच्या नवऱ्याची, अर्विनची रीत. आणि चापाच्या आसपास दोरा म्हणून बांधायचा नाही, हीही त्याचीच शिस्त. म्हणून ती कार्ड पुढं नळीकडे बांधत आली होती. एमिलच्या नळीवर डबा असल्यामुळे ते डब्याच्या गळ्याशी आलं होतं.

कार्ड मात्र नव्हतं.

३

चोन बियारेआल एमिलच्या रँचवर बावीस वर्षं होता. त्यानं बीन्सचं पातेलं बाजूला सारून हेडीला कॉफी ओतली आणि स्वतः उभाच राहिला.

"बस ना."

"उभा बरा आहे, सेन्योरा. हल्ली बसलो की कुणीतरी विचारपूस करायला येतं."

"कोण, क्ले?"

"तीनदा आले. कोणतं तेल, किती तेल, कधी घातलं. आणि मग हळूच, ह्या देशात राहायचे माझे कागद कुठल्या साली झाले." चोननं हात पुसले. "वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हटलं की वांगं जवळ असावं लागतं. मी जवळ आहे."

"तू बंदूक शेवटची कधी हातात घेतलीस?"

"त्याआधीच्या गुरुवारी. पुसून पत्रोनच्या, मालकांच्या ट्रकमध्ये ठेवली. तुमचं कार्ड होतं तेव्हा. इंग्रजी अक्षर बारीक होतं, मी वाचलं नाही. पत्रोन म्हणाले, चष्मा सापडला की वाचतो." तो क्षीण हसला. "चष्मा त्यांचा वर्षभर सापडत नव्हता."

हेडीनं कॉफीचा घोट घेतला. "त्या दिवशी गोळी ऐकलीस?"

"नाही. पंपाचं इंजिन चालू होतं. न्याहारीला आले नाहीत म्हणून सातच्या सुमाराला ओढ्याकडे गेलो. बघितलं आणि पट्टा सोडून मांडी आवळली. उपयोग नव्हता, अंग गार पडत चाललं होतं."

"आणि बंदूक?"

"गवतात होती कुठंतरी. बंदुकीकडं कोण बघतो, सेन्योरा?" मग त्यानं शर्टाचा खिसा चाचपला आणि एक पितळी पुंगळी टेबलावर ठेवली. "ही तेवढी उचलली. शेवटची म्हणून. द्यायला हवी होती का?"

"कुठं होती?"

"त्यांच्या बुटाला टेकून."

"नीट आठव. बाजूला, झुडपांत वगैरे नाही ना?"

"बुटाला टेकून. त्यांचे बूट मीच काढले, मला माहीत नसेल तर कुणाला?"

हेडी पुंगळी बोटांत फिरवत राहिली. तिच्या अंगणात वीस पुंगळ्या तीन पावलांवर पडल्या होत्या, आणि ही एक बुटाशी निपचित गळून पडली होती. बोल्टनं तिला फेकलंच नव्हतं, नुसतं सोडून दिलं होतं. तीच बंदूक, तोच स्क्रू, तीच काडतुसं, मग असं का?

"फोन केल्यावर काय झालं?"

"डेप्युटी आले. फार लवकर आले, देवाची कृपा. पत्रोनच्या अंगावर घालायला ट्रकमधनं घोंगडी आणतोय तोवर त्यांची गाडी फाटकात. मला म्हणाले, जा, फाटकावर थांब, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दाखव. ते एकटेच बसले त्यांच्यापाशी." चोन खिडकीकडे वळला. "बरं झालं. घरचं कुणीतरी पाहिजे जवळ."

हेडी आपल्या गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवायच्या आधी तिनं घड्याळाकडे पाहिलं. गावातून इथवर यायला तिला चाळीस मिनिटं लागली होती.

४

शेजारच्या कुंपणापलीकडे ऑटिली राब राहायची, नऊ मोर आणि एक जुनं भांडण घेऊन. मोर तिचे होते आणि भांडण एमिलशी होतं. एमिलनं डुकरांवर गोळ्या घालाव्यात, मोरांनी छपरावर चढून तासभर किंकाळ्या फोडाव्यात आणि ऑटिलीनं शेरिफला फोन करावा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा धान्याच्या दुकानात चार लोकांदेखत ती म्हणाली होती, "तुझ्या बंदुकीचं तोंड एक दिवस मीच बंद करीन."

हेडीला ते वाक्य आठवलं आणि तिनं कुंपणाच्या तारेकडे पाहिलं. ओढ्यापर्यंत जाणारी पायवाट दोन्ही बाजूंनी सारखीच मळलेली होती.

"तू मला विचारायला आलीयस," ऑटिली दार न उघडताच जाळीमागून म्हणाली. शाळेत दोघी एका बाकावर बसत. "की मी त्याच्या बंदुकीत वाळू ओतली का."

"ओतलीस का?"

"मोकळी असते तर ओतली असती. ये आत, कुखन केलाय."

कुखन केकच्या तुकड्यापुढं बसून हेडीनं मैत्रिणीचा चेहरा न्याहाळला. डोळे सुजलेले होते. भांडणारं माणूस गेलं की भांडणही विधवा होतं, हे तिला अर्विन गेल्यावर कळलं होतं.

"दोन वर्षं त्यानं शब्द पाळला," ऑटिली अचानक म्हणाली. "आणि मरायच्या दिवशी मोडला. ह्याचंच मला जास्त लागलंय बघ."

"कसला शब्द?"

"अगं, तो डबा त्यानं घेतला कशासाठी? माझ्यासाठी. बोटांचे ठसे दिले, सरकारी कागद भरले, महिनेन् महिने थांबला. म्हणाला, ऑटिली, आता तुझ्या मोरांची झोप मोडणार नाही. आणि खरंच नाही मोडली. ठप्प असा आवाज यायचा, कुणी गादी झटकल्यासारखा. मोर मानसुद्धा वळवायचे नाहीत."

"आणि त्या सोमवारी?"

"साडेसहाला धडाम. खिडकीची काच वाजली. नऊच्या नऊ मोर छपरावर चढून बोंबलायला लागले. माझ्या हातातला कप फुटला. मी इथनंच ओरडले, अरे एमिल, लाज नाही का. तेवढी एकच गोळी, मग काही नाही. मला वाटलं, ओशाळला." तिनं आपला कुखन बाजूला सारला. "तो तिकडं मरत होता आणि मी शिव्या घालत होते."

हेडी हळूच म्हणाली, "ऑटिली, बंदुकीवर डबा होता. बसवलेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"मग मोरांना जाऊन सांग तसं."

५

दुकानात परत येईपर्यंत ऊन कललं होतं. हेडीनं कोट काढला नाही की दिवा लावला नाही. सरळ रायफल उचलून ती मागच्या बांधापाशी गेली.

तिनं डबा पकडला आणि फिरवला. दोन वर्षं नळीवर बसलेला डबा काजळीनं जाम बसतो. पाना लावून, शिव्या देऊन काढावा लागतो. दोन आठवड्यांपूर्वी तो काढायला तिलाच अर्धा तास लागला होता, आणि मग तिनं घट्ट बसवून दिला होता. आता तो बरणीच्या झाकणासारखा फिरला. काल नीट पाहिलं असतं तर कालच कळलं असतं. पण काल तिचं लक्ष स्वतःच्या स्क्रूवर आणि स्वतःच्या हातावर होतं. भीती वाटली की माणूस एकाच जागी बघत बसतो.

डबा तिनं पिंपावर ठेवला. उघड्या नळीची रायफल खांद्याला लावली. स्क्रूला हात लावला नाही. मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरली.

धडाम आवाज झाला. रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. पुंगळी तिच्या बुटाशी टपकन पडली.

तिनं पुन्हा चाप ओढला.

टिक.

तिनं रायफल खाली घेतली. रायफलीत दोष नव्हता, हातात नव्हता, तेलात नव्हता. स्क्रू आवळला होता तो डबा गृहीत धरून. डबा होता तोवर गॅस बरोबर पुरत होता. डबा काढला की कमी पडणार, पहिली गोळी सुटणार आणि दुसरी येणार नाही. हे तिला माहीत होतं. तिनं कार्डावर लिहिलंही होतं: "डबा काढलास तर स्क्रू दोन टिचक्या उघड. नाही तर दुसरी गोळी सुटणार नाही."

त्या पहाटे डबा रायफलीवर नव्हता. तो नंतर कुणीतरी बसवला होता, एमिल गवतात पडलेला असताना. ऑटिली कुंपण ओलांडून आली नव्हती, आणि आली असती तरी डबा कुठल्या बाजूनं फिरतो हे तिला माहीत नव्हतं. चोनला डबा बसवायचाच असता, तर त्यानं पुंगळी खिशात ठेवून तिला दाखवली नसती. तिसरा माणूस एकच होता. चोनला त्यानं फाटकावर पाठवलं होतं, आणि तो चाळीस मिनिटांची वाट दहा मिनिटांत कापून आला होता.

किंवा मग तो निघाला तो गावातून नव्हताच.

६

सोमवारी सकाळी नऊला क्ले आला. हातात तोच कागदी पेला होता.

"सापडलं?"

"सापडलं. बस." ती बाकाच्या मागेच उभी राहिली. "एक सांग. चोनचा फोन आला तेव्हा तू कुठं होतास?"

"सांगितलं की. ऑफिसात."

"कॉफी ओतत."

"हो."

"मग तुझी गाडी उडते का रे? घोंगडी आणीपर्यंत तू फाटकात होतास."

क्ले चावायचा थांबला. "चोन काहीही सांगतो. घाबरलाय तो."

"चोननं तुझी तारीफ केली, बाळा. देवाची कृपा म्हणाला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं." हेडीनं डबा उचलून दोघांच्या मध्ये ठेवला. "हा तुझ्याकडे होता. गुरुवारनंतर कधीतरी नेलास, त्या सोमवारपर्यंत. आणि तू तो परत द्यायला येत होतास. फोन आला तेव्हा तू रँचच्या रस्त्यावरच होतास."

बाहेरून एक ट्रक गेला. क्लेनं पेला खाली ठेवला, फार सांभाळून.

"पेरीच्या शेतावर डुकरं मारायला गेलो होतो, दोस्तांबरोबर," तो शेवटी म्हणाला. "काकानंच दिला. स्वतःच्या हातानं काढून. पाना लावून, शिव्या देत. म्हणाला, सोमवारी पहाटेच आण, ऑटिलीचे मोर उठायच्या आत." त्यानं कपाळ पुसलं. "डबा त्याच्या नावावर. तो नसताना माझ्या हातात सापडला असता तर दहा वर्षं तुरुंग, मिस हेडी. वर डेप्युटी म्हणजे बिल्ला गेलाच. मी आलो तर तो तसा पडलेला. जज्ज बंदूक बघणार, डबा कुठाय विचारणार. म्हणून बसवला, एवढंच. त्याला मी हात लावला नाही. देवाशपथ, बंदूक आपली आपणच अडकली होती."

हेडीला तेव्हा कळलं की ह्याला खरंच माहीत नाही. सरकारी रायफल हातात घेणारा पोरगा हा. स्क्रू, गॅस ही भानगड त्याच्या गावीही नव्हती. तो एक चूक लपवत होता आणि दुसरी त्याला दिसलीच नव्हती. आता ती आपल्यालाच दाखवावी लागणार होती.

"क्ले, डब्याला एक कार्ड होतं."

"किमतीची चिठ्ठी? हो, फडफडत होती, दोरा कापला मी."

"कुठाय ती?"

तो गोंधळला. ती उत्तराची वाट न पाहता बाहेर गेली, त्याच्या गाडीचं दार उघडलं आणि दोन सीटांमधल्या खळग्यातली टरफलं बोटांनी बाजूला केली. कार्ड तिथंच होतं. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या अकरा रेघा होत्या. मारलेल्या डुकरांचा हिशेब. तिनं ते उलटं करून त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ हलत होते, तो लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून धडे वाचायचा तसे.

"म्हणजे ती अडकली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"डबा असता तर..."

 हेडीला त्याला वाचवायचं नव्हतं आणि मारायचंही नव्हतं. तो गाडीच्या पायरीवर बसला, कार्ड गुडघ्यावर ठेवून, आणि त्याचे खांदे हलायला लागले. ती शेजारी उभी राहिली. तिला त्याचा संताप येत होता, चोनला भरडायला निघाला होता म्हणून. पण रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय तिला राहवलं नाही. तो कापरा हात तिनं पहिल्यांदाच कुणापुढं लपवला नाही.

"जज्जसाहेबांना काय लिहिलंत?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

तिनं कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. "एकच ओळ. रायफलीत दोष नाही. गोळी झाडली तेव्हा डबा जागेवर नव्हता. कुणाकडे होता ते मी लिहिलेलं नाही. हे पाकीट तू स्वतः नेऊन दे, आणि उरलेलं तोंडानं सांग. चोनच्या नावाची वाच्यता तुझ्याकडून पुन्हा होता कामा नये. दुपारी बारापर्यंत जज्जचा फोन आला नाही, तर बारा वाजून पाच मिनिटांनी मी करीन."

"दहा वर्षं, मिस हेडी."

"ऐकलं मी."

तो उठला. पाकीट शर्टात घातलं, बिल्ल्यामागं. कार्ड परत द्यायला हात पुढं केला आणि मग मागं घेतला. गाडी गावाच्या दिशेनं वळली. हेडीनं धूळ बसेपर्यंत पाहिलं.

पावणेबाराला फोन वाजला. क्लेनं सगळं तोंडानं सांगितलं, एवढंच जज्ज म्हणाले.

मग ती बाकापाशी आली. तिचा हात निर्दोष होता. तीन दिवस तिला एवढंच हवं होतं, आणि ते मिळूनही समाधान वाटेना. हातात दोष नव्हता, पण गाठ चुकीच्या जागी होती. एमिलनं डबा दिला आणि बंदुकीला जे सांगायचं होतं ते डब्याबरोबरच निघून गेलं. अर्विनची शिस्त तिनं चाळीस वर्षं डोळे मिटून पाळली होती. जो भाग काढता येतो त्याच्यावर इशारा बांधायचा नसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी मनाला विचारलं नव्हतं.

बाकावर दुसऱ्या कुणाची रायफल तयार होऊन पडली होती, तिच्यावरही डबाच होता. हेडीनं कार्ड लिहिलं, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. मग बंदूक उलटी फिरवली आणि कार्ड मागं दस्त्याला बांधलं. हात कापत होता. तिसऱ्या खेपेला गाठ बसली, आणि ती पक्की बसली आहे ना हे तिनं ओढून पाहिलं.